गाडीचं इंजिन बसलं. आता दुसरं कोणतं बसवायचं?

केज : लग्नसराईत भर दुपारी केज-अंबाजोगाई रस्त्यानं निघालं की लिंबाच्या सावलीला बॉनेट उघडं टाकून उभी असलेली एखादी कार दिसतेच. रेडिएटरमधून वाफ निघत असते, वऱ्हाडातली पोरं बाटलीनं पाणी ओतत असतात आणि चालक फोनवर कुणाला तरी सांगत असतो, "काटा वर गेला तव्हाच थांबायला पाहिजे होतं." त्यातल्या काही गाड्या पाणी पिऊन पुढं जातात. काहींना टोचन लावून गॅरेजला न्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री हात पुसत सांगतो, "इंजिन बसलं. दुसरं टाकावं लागंल."

दुसरं म्हणजे कोणतं, हा प्रश्न तिथून सुरू होतो. गावोगाव दिसणाऱ्या स्विफ्ट, डिझायर, इंडिका, वॅगनआर, अल्टो या गाड्यांपैकी बऱ्याचशा पुण्या-मुंबईत आठ-दहा वर्षं पळून इकडं आलेल्या असतात. रात्री-अपरात्री बाळंतिणीला अंबाजोगाईच्या स्वाराती रुग्णालयात याच गाड्या नेतात. ऊसतोडीच्या हंगामात मुकादम याच गाडीनं टोळीमागं कर्नाटकापर्यंत फिरतो. काहींचं घर गाडीच्या भाड्यावर चालतं. त्यामुळं गाडी उभी राहिली की घाई होते आणि घाईत कुणीतरी सांगतं, "कुर्ल्याला ओळख आहे, परवा इंजिन येतंय." पैसा अडकतो तो इथं.

इंजिन खरंच गेलंय का?

पहिल्यांदा हे बघायला हवं. गाडी गरम झाली की पहिला फटका बसतो हेड आणि हेड गॅस्केटला. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापलं की वाकतं. मग पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरतं. ऑइलचं झाकण उघडलं की आत दुधाळ, ताक मिसळलेल्या चहासारखा चिकटा दिसतो. सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते आणि रोज पाणी कमी होतं. एवढ्यावर इंजिन फेकायचं काम नाही. हेड काढून लेथवर फेस मारून घेणं, दाब देऊन तडा आहे का तपासणं आणि चांगल्या कंपनीचं गॅस्केट टाकणं, यात बऱ्याचदा काम भागतं.

गाडी गरम झाल्यावरही दामटली असेल, किंवा ऑइलचा लाल दिवा लागूनही 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणत नेली असेल, तर मात्र क्रँकची बेअरिंग जातात. खालून खटखट आवाज येतो. आणखी ताणलं तर इंजिन जाम होतं. क्रँकच्या पुलीला पाना लावून फिरवलं तरी हलत नाही.

या दोन टोकांच्या मधल्या गाड्यांसाठी कॉम्प्रेशनचा काटा असतो. पेट्रोल गाडीचे सगळे प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरला काटा लावून स्टार्टर मारायचा आणि आकडे कागदावर लिहून घ्यायचे. आकडा किती आला यापेक्षा सगळे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं. एखादा पडलेला असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, तेवढाच राहिला तर वाल्व किंवा गॅस्केटकडं बोट जातं. डिझेलला दाब दुपटीच्या पुढं असतो, त्याचा काटा वेगळा येतो आणि ऑइल सोडायचा प्रयोग तिथं करू नये. हा सगळा तपास अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. तो न करता जो मिस्त्री नुसत्या आवाजावरून 'इंजिन टाका' म्हणतो, त्याला दोनदा विचारावं.

आणि इंजिन गेलंच असेल, तर कशानं गेलं? आपल्याकडं याचं एक उत्तर बोअरच्या पाण्यात असतं. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या वाटांत धरतो. कूलंट महाग वाटतं म्हणून वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकलेल्या गाडीचा रेडिएटर अर्धा बुजलेला असतो. त्यात गाडी गरम होते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकलेला असतो. तो इलाज कामाचा नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर तापत नाही, इंधन जास्त खातं, झीज वाढते, आणि बुजलेल्या नळ्या बुजलेल्याच राहतात. त्याच रेडिएटरवर दुसरं इंजिन बसवलं तर तेही त्याच वाटेनं जाणार. म्हणून दुसऱ्या इंजिनाचा हिशेब मांडताना रेडिएटर, पंखा, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि पाइप हे पहिल्या ओळीत लिहायचे.

बांधायचं, हाफ घ्यायचं की फुल?

वाटा तीन आहेत. आपलंच इंजिन बांधणं ही पहिली. बोअर मारून ओव्हरसाइझ पिस्टन-रिंगा, क्रँकला ग्राइंडिंग, नवी बेअरिंग, ऑइल पंप, वाल्वचं काम. ब्लॉक फुटलेला नसेल आणि क्रँक मापात असेल तर केजसारख्या ठिकाणी ही वाट सगळ्यात बरी. कारण सरळ आहे. ब्लॉक आपलाच, त्यावरचा नंबर आपलाच, आरसीवर काही बदलत नाही, आणि आत काय टाकलंय हे आपल्या डोळ्यांसमोर असतं. अडचण कामाच्या दर्जाची. बोअर कितपत वाढवता येतो हे कंपनीनं ठरवलेलं असतं, त्या मापाचा पिस्टन बाजारात आहे का ते आधी बघून मगच बोअर मारायचा. उलटं केलं की ब्लॉक वाया. आणि इंजिन जोडायची जागा स्वच्छ हवी. वारं सुटलेल्या अंगणात, शेजारी सोयाबीनचं मळणीयंत्र चालू असताना बांधलेलं इंजिन किती दिवस चालणार?

दुसरी वाट हाफ इंजिनची. ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन जोडलेले तयार मिळतात आणि वर आपलं हेड बसवलं जातं. इथं एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. म्हणजे 'अर्धंच बदललं' म्हटलं तरी कागदाच्या नजरेत इंजिन बदललेलंच असतं. शोरूममधून नवा ब्लॉक मागवला तरी त्यावरच्या नंबराचं आणि नोंदीचं काय, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं.

तिसरी वाट म्हणजे भंगारातल्या गाडीचं पूर्ण इंजिन. ही सगळ्यात जलद, दोन-तीन दिवसांत गाडी रस्त्यावर. धोकाही याच वाटेवर सगळ्यात जास्त.

नाव एक, इंजिन निराळं

'वॅगनआरचं इंजिन पाहिजे' एवढं सांगून चालत नाही. वॅगनआर 2010 पर्यंत 1061 सीसीच्या इंजिनावर होती, नंतर 998 सीसीचं के-10 आलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. अल्टोचंही तसंच. साध्या अल्टोत आणि नंतरच्या अल्टो 800 मध्ये 796 सीसीचं इंजिन, तर 2010 च्या अल्टो के-10 मध्ये 998 सीसीचं. स्विफ्ट पेट्रोल 2005 मध्ये 1298 सीसीची आली आणि 2010 मध्ये 1197 सीसीची झाली. बाहेरून गाडी तीच दिसते.

मारुतीच्या गाडीत याची खूण आरसीवरच असते. इंजिन नंबरची सुरुवातीची अक्षरं वाचायची. एफ8, के10, के12, डी13 अशी ती इंजिनाची जात सांगतात. फोनवर भाव विचारताना गाडीचं नाव सांगण्याआधी ही अक्षरं सांगावीत.

जात एक असली तरी पोटजात बघावी लागते. मारुती 800 च्या घरातच कार्ब्युरेटरची आणि इंजेक्शनची, सहा वाल्वची आणि बारा वाल्वची इंजिनं निघाली. 800 आणि ओम्नीचं इंजिन मुळात एकाच घरातलं, पण 800 मध्ये ते पुढं आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं, तर ओम्नीत ते सीटखाली उभ्या रेषेत बसून मागची चाकं फिरवतं. त्यामुळं मॅनिफोल्ड, माउंटिंग, गिअरबॉक्स सगळं निराळं. ओम्नीचं इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून 800 साठी आणणाऱ्याला आतले सुटे भाग कामी येतील, पण जसंच्या तसं ते बसणार नाही.

डिझेलमध्ये सगळ्यात जास्त विचारणा 1248 सीसीच्या इंजिनाला असते. मूळ फियाटचं मल्टिजेट. मारुतीनं ते परवान्यानं हरियाणात मानेसरला बनवलं आणि 2007 मध्ये स्विफ्टला बसवलं. पुढं डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझमध्ये तेच. फियाटच्या पुंटो-लिनियात तेच. टाटांच्या इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट नावानं तेच. केजहून पुण्याला जाताना रांजणगावचा गणपती लागतो. त्याच रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाट-टाटांचं हे इंजिन बनत होतं. इतक्या गाड्यांत ते होतं की वाहनांवर लिहिणारे त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे.

म्हणून भंगारवाला सांगतो, "कशाचंबी घ्या, सगळं एकच हाय." ते अर्धं खरं. ब्लॉक-क्रँकचा सांगाडा एक असला तरी स्विफ्टमधलं 75 पीएसचं आणि अर्टिगातलं 90 पीएसचं, यांचे टर्बो वेगळे आहेत. टाटा-फियाटच्या इंजिनाचं वायरिंग आणि ईसीएम मारुतीशी जुळत नाही. शिवाय बीएस-3 आणि बीएस-4 हा फरक आहेच. 1 एप्रिल 2010 पासून देशातल्या 13 शहरांत बीएस-4 लागू झाला आणि त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं. आपल्याकडं मात्र बीएस-3 चालत होता. बीएस-4 देशभर लागू झाला तो एप्रिल 2017 मध्ये. म्हणजे एकाच वर्षीच्या दोन स्विफ्ट, एक सोलापूर पासिंगची आणि एक बीड पासिंगची, यांच्या इंजिनावरचे सेन्सर आणि धुराची व्यवस्था सारखीच असेल असं धरून चालता येत नाही. डिझेल स्विफ्टला स्विफ्ट, डिझायर किंवा रिट्झचं त्याच पॉवरचं, त्याच बीएसचं इंजिन, एवढंच सरळ बसतं.

या इंजिनात टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे आणि ऑइल जेमतेम तीन लिटर लागतं. ऑइल बदलायला टाळाटाळ केलेल्या गाडीत चेन सैल होते, थंडीत सकाळी चालू करताना पुढून खडखड येते. भंगारातलं डी13 घेताना हा आवाज ऐकायला मिळाला तर उत्तम. म्हणूनच गाडीतून काढण्याआधी चालू करून दाखवणाऱ्याकडूनच ते घ्यावं.

जुन्या इंडिकाचं 1405 सीसीचं डिझेल या सगळ्यांत गरीब. कॉम्प्युटरची भानगड नाही, यांत्रिक पंप, तालुक्याच्या कोणत्याही मिस्त्रीच्या हातातलं. गंमत म्हणजे 2005 ला आलेल्या छोटा हत्तीचं 702 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन हे याच चार सिलिंडरच्या इंजिनावरून, जवळजवळ अर्धं कापून केल्यासारखं, तयार केलेलं आहे. त्यामुळं ते काम येणाऱ्या मिस्त्र्याला हे काम नवं वाटत नाही. पण इंडिकातही पुढं कॉमनरेलचं 1396 सीसीचं इंजिन आलं. डिकीवरचं नाव बघून सौदा करू नये तो यासाठी.

मोठं इंजिन टाकावं का?

पोरांच्या मोबाइलवर व्हिडिओ येतात. मारुती 800 मध्ये के-10 टाकलेलं, गाडी नुसती उडते. उडणारच. जुन्या 800 ची ताकद 37 बीएचपी आणि के-10 ची 68 पीएस. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. पण ब्रेक, 12 इंची चाकं आणि सस्पेन्शन 37 च्या हिशेबानं केलेलं आहे. धारूरच्या घाटात चढताना मजा वाटेल, उतरताना काय? शिवाय के-10 नुसतं येत नाही. त्याच्या मागं त्याचा गिअरबॉक्स, एक्सल, ईसीएम, पूर्ण वायरिंग, टाकीतला पेट्रोल पंप, माउंटिंग आणि रेडिएटर असं सगळं वऱ्हाड येतं. इंजिनाच्या भावात सौदा केलेला माणूस शेवटी त्याच्या दुप्पट खर्च करून बसतो, आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर तिची वायर कुठून कुठं गेली हे ज्यानं बसवली त्याच्याशिवाय कुणालाच कळत नाही.

जुनी माणसं म्हणतात, आमच्या वेळी जीपमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकायचे, तेव्हा कुठं काय झालं? तेव्हाच्या इंजिनाला वायरच नव्हत्या. आता गाडीचं निम्मं इंजिन डब्यात असतं.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, आरसीवरच्या नोंदी कंपनीनं मूळ ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. सीसी बदलली, इंधन बदललं की तो बदल इथं अडकतो. सर्वोच्च न्यायालयानं 9 जानेवारी 2019 च्या निकालात हे आणखी स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करून गाडी चालवता येणार नाही. 2019 च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182अ मध्ये मालकानं केलेल्या अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीएनजीचं उदाहरण काही जण देतात. सीएनजी किटला कायद्यात वेगळी जागा दिलेली आहे आणि तेही मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त ठिकाणी बसवलं आणि आरसीवर नोंदवलं तरच. डिझेल गाडीत पेट्रोल इंजिन टाकायला ती पळवाट चालत नाही.

तीच जात, तीच सीसी, तेच इंधन असं इंजिन टाकायचं असेल तर मार्ग आहे. आधी आरटीओकडून परवानगी घ्यायची आणि मग काम करायचं, हा सरळ रस्ता. परवानगीशिवाय इंजिन बदललं गेलं असेल तर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकली आहे. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर वाहनातील बदल या सेवेखाली करता येतो. आरसी, विमा, पीयूसी, इंजिनाचं बिल, जिच्यातून इंजिन निघालं त्या गाडीचे कागद आणि इंजिन-चेसिस नंबरचा पेन्सिलनं काढलेला ठसा ही तयारी ठेवावी. नंतर निरीक्षक गाडी समोर बघतो. तालुक्यात एमएच-44 अंबाजोगाई आणि एमएच-23 बीड अशा दोन्ही पाट्यांच्या गाड्या फिरतात. आपली नोंद कुठं आहे ते आरसीवर बघून त्याच कार्यालयात जावं.

विम्याकडं तर कुणाचं लक्षच नसतं. पॉलिसीवर इंजिन नंबर छापलेला असतो. अपघात झाला, सर्व्हेअरनं बॉनेट उघडलं आणि नंबर जुळला नाही, तर दावा तिथंच अडतो. रक्कम स्वतःच्या गाडीपुरती असती तर एक वेळ ठीक होतं. समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या घरच्यांना भरपाई द्यायची वेळ आली तर शेत विकावं लागतं. आरसीवर नवा नंबर चढला की त्याची प्रत देऊन पॉलिसीतही बदल करून घ्यायचा.

इंजिन घेताना

कुर्ला, पुण्याचा जुना बाजार, दिल्लीचं मायापुरी अशी नावं भंगाराच्या सौद्यात ऐकायला येतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आल्यानं तिकडून चांगल्या अवस्थेतली डिझेल इंजिनं निघाली, हे खरं आहे. पण उत्तर प्रदेशात मेरठचा सोतीगंज बाजारही असाच नावाजलेला होता. चोरीच्या गाड्या तोडून सुटे भाग विकल्याच्या प्रकरणांत पोलिसांनी कारवाई केली आणि डिसेंबर 2021 मध्ये तो बाजार बंद झाला. तिथून माल घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकांना आपण काय घेतोय हे प्रत्येक वेळी ठाऊक असेलच असं नाही.

म्हणून कॉम्प्रेशनच्या आधी नंबर बघायचा. ब्लॉकवरची नंबरची पट्टी घासलेली, वेल्डिंग करून पुन्हा ठोकलेली, अक्षरं वर-खाली, किंवा तेवढीच जागा ताज्या रंगानं रंगवलेली दिसली तर भाव न विचारता माघारी फिरायचं. नंबर चांगला असेल तर ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत मागायची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' यंत्रणेत चोरीच्या गाड्यांची नोंद असते. गाडी नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर टाकून नागरिकालाही पोलिसांच्या पोर्टलवरून तपासता येतं. बिलावर इंजिन नंबर, विकणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता आणि जीएसटी नंबर हवा. 'बिल कशाला, ओळखीचं आहे' म्हणणाऱ्याकडून घेतलेलं इंजिन चोरीचं निघालं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली चौकशी आपली होते. विड्याच्या जावयाची गाढवावरून वरात निघते तेव्हा शेवटी त्याला निदान कापडं तरी मिळतात. या वरातीत तेही नाही.

नंबर पटल्यावर यंत्र. शक्य असेल तर गाडीत असतानाच चालू करून बघावं. गार असताना चालू करायला सांगावं; आधीच तापवून ठेवलेलं इंजिन दुखणं लपवतं. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढलं आणि तिथून भकाभक धूर आला तर रिंगा संपल्या. सायलेन्सरचा निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. टर्बोचं पातं बोटानं हलवून बघावं, पुढं-मागं खेळत असेल तर टर्बोचा खर्च वेगळा धरावा. सुटं, धुऊन-पुसून चकचकीत केलेलं इंजिन मिळत असेल तर निदान क्रँक फिरवून, सगळ्या सिलिंडरचा दाब मोजून आणि ऑइलचा चेंबर खोलून तळाशी धातूची चमकी आहे का ते बघून घ्यावं. 'चालू झालं नाही तर बदलून देऊ' ही तोंडी हमी कुर्ल्याहून केजपर्यंत पोचत नाही, ती बिलावर लिहून घ्यावी.

डिझेलचं कॉमनरेल इंजिन असेल तर आणखी एक. अनेक गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर कोड असतो आणि तो ईसीएममध्ये भरावा लागतो. नाही भरला तर गाडी चालते, पण धूर सोडते, थरथरते आणि डिझेल खाते. किल्लीतल्या इमोबिलायझरचा संबंध ईसीएमशी असतो, म्हणून शक्यतो आपलाच ईसीएम ठेवायचा. स्कॅनर असलेलं गॅरेज जवळ कुठं आहे, याची चौकशी इंजिन आणण्याच्या आधी करावी.

इंजिन बाहेर आहे तोवरच क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, मागचं ऑइल सील, वॉटर पंप, बेल्टच्या गाडीत टायमिंग बेल्ट आणि फाटलेली माउंटिंग बदलून घ्यावी. तेव्हा फक्त सामानाचे पैसे लागतात. दोन महिन्यांनी क्लच गेला तर त्याच गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागते.

गाडीचं वय

एवढं करून शेवटी हिशेब गाडीच्या वयाशी येतो. खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते. 2010 च्या गाडीची ती 2025 मध्ये संपते. पुढच्या पाच वर्षांसाठी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल 2022 पासून कारच्या नूतनीकरणाची फी 600 वरून 5000 रुपये झाली, पर्यावरण कर निराळा. नोंदणी संपायला वर्ष उरलेल्या गाडीत इंजिन टाकायचं तर हे पैसे त्याच कागदावर लिहायचे. बॉडीला खालून गंज लागलेला असेल, पत्रा सोडत असेल, तर बांधलेलं इंजिन त्या गाडीला फार काळ वाचवत नाही. इंजिन, सोबतचं सामान, मजुरी, आरटीओ आणि विमा मिळून बेरीज गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जात असेल तर त्या पैशात दुसरी गाडी बघितलेली बरी. पत्रा ठणठणीत, कागद चालू आणि मालकाला गाडीची सवय असेल तर आपलंच इंजिन बांधून आणखी पाच वर्षं काढता येतात. तशा 800 आजही तालुक्यात पळताना दिसतात, कंपनीनं ती बनवणं 2014 मध्येच बंद केलं तरी.

काम झाल्यावर बांधलेलं इंजिन पहिले हजारभर किलोमीटर दामटू नये. चढावर टॉप गिअरमध्ये ओढायला लावू नये, पाच-सात माणसं कोंबून घाटात नेऊ नये. पहिलं ऑइल आणि फिल्टर त्या हजारानंतर लगेच बदलावं, त्यात रिंगा बसतानाची झिजलेली चमकी असते. रेडिएटरमध्ये कूलंटच, आणि ते पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नको, बोअरचं तर नकोच.

राहिलं जुनं इंजिन. गॅरेजवाला ते किलोच्या भावानं मागतो आणि मालकही सुटलो म्हणून देऊन टाकतो. आरसीवर नवा नंबर चढेपर्यंत ते घरीच, गोठ्याच्या कोपऱ्यात का होईना, ठेवावं. आरटीओनं मागितलं तर दाखवता येतं. नंतर विकताना पावती करावी, त्यावर तारीख, इंजिन नंबर आणि घेणाऱ्याची सही असावी, आणि ती पावती आरसीसोबत जपून ठेवावी. कारण त्या ब्लॉकवर आपल्या गाडीचा नंबर आहे आणि उद्या तो कुणाच्या गाडीत बसेल ते आपल्याला कळणार नाही.